बर्क, विल्स आणि दोस्त महंमद

मुलगी मेलबर्नला असते. २०१२ साली पहिल्यांदा तिच्याकडे गेलो, तेव्हा तिनं भर शहरातला एक मोठा पुतळा दाखवला. एक माणूस उभा, एक बसलेला. बर्क आणि विल्स. १८६५ साली उभारलेला हा पुतळा. २०२३ साली पुन्हा गेलो, तर पुतळा जागेवर नव्हता. भुयारी रेल्वेच्या कामासाठी तो २०१७ मध्येच हलवला होता. मग मी हट्टच धरला, या दोघांची बाकीची स्मारकं पाहायची.

सुरुवात रॉयल पार्कपासून केली. तिथं दगडांचा एक साधा स्मृतिस्तंभ आहे. २० ऑगस्ट १८६० रोजी इथून १९ माणसं आणि २६ उंट निघाले. ऑस्ट्रेलिया खंड दक्षिणेकडून उत्तरेपर्यंत ओलांडायचं होतं. बहुतेक उंट कराचीहून जहाजानं आणलेले. त्यांच्याबरोबर चार हिंदुस्थानी उंटवाले. त्यांतला सामला हिंदू होता. मोहिमेतलं मांस त्याला चालेना. पाव आणि पाण्यावर किती दिवस काढणार? थोड्याच दिवसांत तो परत फिरला. राहिलेल्यांत एक होता दोस्त महंमद.

पुढची कथा तिथल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. कूपर्स क्रीकच्या काठी तळ पडला. १६ डिसेंबरला बर्क, विल्स, किंग आणि ग्रे असे चौघे उत्तरेला गेले. समुद्राजवळ पोचले, पण खारफुटीच्या दलदलीमुळे उघडा समुद्र काही दिसला नाही. परतताना ग्रे वारला. त्याला पुरण्यात एक दिवस गेला. २१ एप्रिल १८६१ च्या संध्याकाळी तिघे तळावर आले, तर तळ रिकामा! वाट पाहणारे त्याच दिवशी सकाळी निघून गेले होते. झाडावर ‘खणा’ असं कोरलेलं, खाली थोडी शिधासामग्री पुरलेली. बर्क आणि विल्स तिथंच आसपास मेले. किंग जगला, कारण यांद्रुवांधा लोकांनी त्याला आपल्यात घेतलं, खाऊ घातलं.

तळावर चार महिने वाट पाहणारेही चौघेच होते. त्यांतला चौथा दोस्त महंमद. हे वाचलं आणि माझं मन पुतळ्यावरून उठलं.

मेलबर्नच्या दफनभूमीत बर्क-विल्सवर ग्रॅनाइटची प्रचंड शिळा आहे. ती पाहिली आणि आम्ही गाडीनं मेनिंडीला निघालो. आठशेहून अधिक किलोमीटर. आम्हाला दोन दिवस लागले, मोहिमेला जवळपास दोन महिने लागले होते. डार्लिंग नदीकाठचं हे लहानसं गाव. पुढे इथंच एका उंटानं दोस्त महंमदचा हात चावून कायमचा निकामी केला. मायदेशी परतणं त्याच्या नशिबी नव्हतं. गावाबाहेर, ब्रोकन हिलच्या रस्त्यालगत, त्याची एकटी कबर आहे.

मी चप्पल काढली, फातेहा पढलो. ऊन रणरणत होतं, माश्या तोंडावर बसत होत्या. मुलीनं हळूच विचारलं, “अब्बा, हा आपला कोण?”

“कोणी नाही गं,” मी म्हटलं. “कबरस्तानाजवळून जाताना सलाम करायचा, एवढं तुझ्या दादांनी शिकवलंय.”

खरं सांगायचं तर, माझ्या मनात वेगळंच होतं. तळ सोडला त्या सकाळी यानं उंटांवर सामान लादलं असेल. हुकूम त्याचा नव्हता. तळप्रमुख दुसरा होता, एक सोबती आजारी होता, अन्न संपत आलं होतं. पण नंतर जेव्हा कळलं, की अवघ्या नऊ तासांची चुकामूक झाली, तेव्हा यानं काय केलं असेल? कुणाशी बोलला असेल, आणि कोणत्या भाषेत?

दुसऱ्या दिवशी ब्रोकन हिलला गेलो. उंटवाल्यांनी बांधलेली पत्र्याची छोटी मशीद तिथं जपून ठेवली आहे. तिथं मी दोन रकात पढलो, दोस्त महंमदच्या नावानं दुआ मागितली. मग सामलाचीही आठवण झाली. तो घरी पोचला का, कोण जाणे. त्याच्यासाठीही मागितली.