इन्स्टाग्रामवरून ग्रंथालयाच्या दारापर्यंत

(तरुण कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आमच्या मोहल्ल्यातलं ग्रंथालय म्हणजे दोन खोल्या, चार कपाटं आणि संध्याकाळचे तीन तास. दोन वर्षांपूर्वी आम्ही त्याचं इन्स्टाग्राम खातं उघडलं. पहिल्याच महिन्यात एक फोटो खूप चालला. बाहेर पाऊस पडतोय आणि अकरावीतली एक मुलगी खिडकीपाशी बसून वाचतेय. लाइक येत राहिले, आम्ही खूश झालो. ती मुलगी मात्र दुसऱ्या दिवसापासून आली नाही.

आठवड्यानं मी तिच्या घरी गेले. तिची अम्मी म्हणाली, "आपा, ती वाचायला येते हे आम्हाला माहीत होतंच. आता सगळ्या नातेवाइकांना माहीत झालं, आणि जो तो विचारतोय. एकदा विचारायचं तरी!" माझ्याकडे उत्तर नव्हतं. फोटो मी काढून टाकला, पण तोवर तो लोकांच्या फोनमध्ये पोचला होता.

त्या रात्री मी देवघेवीची नोंदवही काढली. फॉलोअर वाढले होते, बाहेर गेलेली पुस्तकं होती तेवढीच. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला पहिलाच सांगतो की पुस्तकं वापरासाठी असतात. आमचं खातंही त्याच कसोटीवर तपासायला हवं होतं.

मग दाखवायचं काय? न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीनं २०१८ साली 'इन्स्टा नॉव्हेल्स' सुरू केलं. 'अ‍ॅलिस इन वंडरलँड'सारखी अख्खी पुस्तकं त्यांनी स्टोरीच्या रूपात दिली. अंगठा पडद्यावर टेकवला की पान थांबतं, उचलला की पुढे सरकतं. स्टोरी एरवी २४ तासांत जाते, म्हणून ती हायलाइटमध्ये जपून ठेवली. यात एकाही वाचकाचा चेहरा लागला नाही. समोर होतं ते पुस्तकच.

आपल्यालाही हे जमेल, फक्त हक्कांचं भान ठेवा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो. त्यामुळे हयात लेखकाची पानंच्या पानं टाकू नका. पण १९१९ साली वारलेले हरिभाऊ आपटे मोकळे आहेत. श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद यांचा 'योगसंग्राम' तर सतराव्या शतकातला. रोज एक ओवी मोठ्या, स्पष्ट अक्षरात द्या आणि खाली सोप्या मराठीत अर्थ लिहा. एका मुसलमान कवीनं इतकी जुनी मराठी लिहिली, हे आपल्यातल्या कितीजणांना ठाऊक आहे?

आमची सर्वांत उपयोगी पडलेली रील अगदी साधी आहे. रस्त्यापासून जिन्यापर्यंत, चपला कुठे काढायच्या, मुली कुठे बसतात, वर्गणी किती, पुस्तक घरी नेता येतं का, एवढंच तीस सेकंदांत. नवा माणूस पुस्तकांना घाबरत नाही. आत गेल्यावर कोण काय विचारेल, याला घाबरतो. ही रील पाहून आलेल्यांना दारात काही विचारावं लागत नाही, ते थेट कपाटाकडे जातात.

बाकी काही छोट्या गोष्टी. कॅप्शनमधली लिंक उघडत नाही, ती प्रोफाइलवर द्या. वेळ आणि पत्ता फोटोखाली शब्दांत लिहा. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी फोटोचं वर्णन भरा, त्याची सोय इन्स्टाग्राममध्ये आहे. माणसाचा फोटो घ्यायचाच असेल तर आधी विचारा, काढलेला फोटो दाखवा आणि मगच टाका. १८ वर्षांखालचं मूल असेल तर घरच्यांनाही विचारा. 'नको' म्हणणाऱ्याला कारण विचारू नका. आणि महिनाअखेरीस लाइक मोजण्याआधी नोंदवही उघडा.

ती मुलगी अजून आलेली नाही. तिचा धाकटा भाऊ दर शनिवारी येतो, चिठ्ठीवर लिहिलेली दोन पुस्तकं मागतो. अक्षर तिचं असतं. खिडकीपाशी ती बसायची ती खुर्ची आम्ही तिथेच ठेवली आहे. तिचा फोटो मात्र कुणी काढत नाही.