नाणं घ्यावं कुठून?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

नाणी जमवणाऱ्या माणसाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, "याचे किती येतील हो?" आणि दुसरा, "हे तुम्हाला मिळतं कुठे?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर रोज बदलतं. दुसऱ्याचं उत्तर मात्र सांगण्यासारखं आहे. माझ्या मते नाणं किती जुनं आहे यापेक्षा ते कुठून आलं, याला जास्त महत्त्व आहे.

नाणेसंग्राहकांचं सगळ्यात जुनं ठिकाण म्हणजे सराफाची पेढी. पुण्यात, नाशिकला, सोलापूरला, कोणत्याही जुन्या पेठेत जा. घरातली आजी गेली की तिच्या गाठोड्यातले राणीछाप आणि राजाछाप रुपये मोडीसाठी सराफाकडे येतात. हा जुना रुपया वजनाने एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया तर निकेलचाच निघाला. त्यामुळे 'चाळीसच्या आधीचा की नंतरचा' एवढं सराफ नजरेने सांगतो. मोडीच्या भावावर थोडे वर दिले की मुशीत जाणारं नाणं आपल्या हाती येतं, म्हणून संग्राहकांना सराफ आवडतो.

पण सराफाचा काटा फक्त चांदी ओळखतो. १९११ सालच्या पंचम जॉर्जच्या रुपयाचं उदाहरण घ्या. राजाच्या झग्यावर हत्तीचं छोटं चित्र होतं. त्याची सोंड अशी काही आखूड कोरली गेली की लोकांना तो हत्ती डुकरासारखा दिसला. त्यावरून गदारोळ झाला, नाणी परत घेतली गेली आणि १९१२ च्या रुपयावर हत्ती नीट कोरून आला. संग्राहक १९११ च्या रुपयासाठी वणवण करतो. काट्यावर मात्र १९११ आणि १९१२ दोन्ही सारखेच! म्हणून चांदीचा भाव चढला की आमच्या पोटात गोळा येतो. भाव जितका वर, तितकी मुशीत जाणारी नाणी जास्त.

तांब्याच्या नाण्यांची वाट वेगळी. एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' अशी अक्षरं असलेली शिवराई महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या चालली. शिवाजी महाराजांनंतरही ती पाडली जात राहिली. ती आजही शेतात नांगराला लागते, जुन्या वाड्याच्या भिंतीत सापडते आणि तांबटाकडे किंवा भंगारवाल्याकडे किलोच्या हिशेबाने पोचते. नदीकाठची वाळू आणि सराफकट्ट्यावरची धूळ चाळणारे झारेकरी हाही नाण्यांचा एक जुना झरा. सोन्याचा कण शोधताना त्यांच्या पाटीत कधी एखादं शिशाचं सातवाहन नाणंही उरतं.

सगळ्यात गंमत असते ती जुन्या बाजारात. पुण्यात तो बुधवारी आणि रविवारी भरतो. मुंबईत चोरबाजार आहे, फोर्टातल्या फुटपाथवरचे विक्रेते आहेत. चादरीवर भोकाचे पैसे, ढब्बू पैसे, आणेल्या, चवल्या, पावल्या यांचा ढीग असतो. उकिडवं बसावं, ढीग उपसावा, विक्रेत्याशी दोन गोष्टी बोलाव्यात. किंमत ठरण्याआधी अर्धा तास जातो आणि तो वाया गेला असं कधी वाटत नाही.

फसवणूकही इथेच जास्त. ईस्ट इंडिया कंपनीचं नाव, १८१८ साल आणि वर मारुतीचं चित्र असलेलं जाडजूड नाणं तुम्ही पाहिलं असेल. 'चुंबकी आहे, तांदूळ खेचतं' असं सांगून ते विकतात. असं नाणं कंपनीच्या एकाही टांकसाळीत कधी पडलेलं नाही. रामदरबाराचं चित्र असलेले 'रामटंके' हे देवस्थानांचे, पूजेत ठेवायचे टाक. ते चलन नव्हतं आणि रामाच्या काळातलं तर मुळीच नव्हतं.

खरं-खोटं ओळखण्याची एक साधी खूण सांगतो. शिवराई हाताने ठोकून केलेली असे. त्यामुळे प्रत्येकीचा आकार निराळा, अक्षरं कुठे कापलेली, कडेला चीर वेगळ्या जागी. एकाच चादरीवर चीर, कड आणि अक्षरं तंतोतंत सारखी असलेल्या दोन शिवराया दिसल्या, तर त्या साच्यात ओतलेल्या समजा. ओतीव नाण्यावर सुईच्या टोकाएवढी बारीक छिद्रं दिसतात, अक्षरं बोथट असतात आणि कडेला कानस मारलेली असते. शिवाय दागिन्यात वापरलेल्या नाण्याची कडी काढून तिथे घासलेलं असतं, तेही बघावं.

अगदी निर्धोक खरेदी करायची तर टांकसाळ आहे. भारत सरकारने पहिलं स्मरणार्थ नाणं १९६४ साली पंडित नेहरूंचं काढलं. अशा नाण्यांचे खास घडवलेले संच मुंबई, कोलकाता, हैदराबाद इथल्या टांकसाळींकडे आगाऊ नोंदणी करून मिळतात. तिथे फसवणूक नाही, तसा शोधाचा आनंदही नाही. मुलांना छंद लावायचा असेल तर मी म्हणेन, घरातली मोड द्या. सालाच्या खाली हिऱ्यासारखा चौकोन असेल तर नाणं मुंबईचं, तारा असेल तर हैदराबादचं, ठिपका असेल तर नोएडाचं आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं. या शोधाला एक पैसाही जादा लागत नाही.

मोठ्या रकमेची खरेदी प्रदर्शनातल्या जाणत्या व्यापाऱ्याकडून किंवा लिलावात करावी. तिथे छायाचित्र, वजन आणि वर्णन छापलेलं असतं. बोलीवर लिलावदाराचं कमिशन आणि कर पडतो, तो आधी विचारावा. पावती घ्यावीच. शंभर वर्षांपूर्वीचं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि कोणालाही ते स्वतःच्या मर्जीने देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी राहणाऱ्या भाच्याला भेट म्हणून शिवराई देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

फोनवरून येणाऱ्या 'तुमच्या पाच रुपयांच्या नाण्याचे पाच लाख देतो' या निरोपांपासून मात्र चार हात दूर राहा. आधी नोंदणीचे पैसे, मग कराचे पैसे असं करत ते तुमच्याकडूनच उकळतात. आमच्या परिचयातल्या एका निवृत्त गृहस्थांची अशीच काही हजारांना टोपी बसली. आपलं नाव वापरून असे व्यवहार करणाऱ्यांना बळी पडू नका, असा इशारा रिझर्व्ह बँकेनेच २०२१ च्या ऑगस्टमध्ये दिला होता.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगलथेंबी इथे चांदीच्या नाण्यांचा ठेवा सापडला. १३ हजारांहून जास्त नाणी, सगळी क्षत्रप राजा नहपानाची. त्यांतल्या सुमारे ९ हजार नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. नहपानाचा पाडाव करून त्याचंच चलन सातकर्णीने आपल्या नावाने चालवलं, याचा इतका ठाम पुरावा दुसऱ्या कशाने मिळाला असता? ही नाणी एकत्र राहिली, जागा माहीत होती, मोजणी झाली, म्हणून हे कळलं. हाच ठेवा गुपचूप सराफाकडे गेला असता तर काही किलो चांदीची लगड झाली असती. आणि दहा-दहा करून दहा गावांत विकला गेला असता, तर प्रत्येक संग्राहकाकडे एक सुंदर नाणं असतं, पण ही गोष्ट कोणालाच सांगता आली नसती.

यात आम्हा संग्राहकांचाही वाटा आहे. मातीने भरलेली, एकसारखी पन्नास नाणी कोणी रुमालात बांधून आणली, तर स्वस्त मिळतात म्हणून घेऊ नयेत. जमिनीत सापडलेला दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा, असा १८७८ चा कायदा सांगतो. सरकारने ठेवा घेतला तर मोबदल्याची तरतूदही त्यात आहे. शेतकऱ्याला हे समजावून सांगणारा पहिला माणूस बहुधा गिऱ्हाईकच असतो.

सुट्या नाण्याबाबत माझा एक नेम आहे. नाणं विकत घेतलं की ते कागदाच्या छोट्या पाकिटात ठेवतो आणि वर तारीख, गाव, विकणाऱ्याने सांगितलेली हकिगत आणि वजन लिहितो. तो 'आमच्या शेतात मिळालं' म्हणाला, तर तेच शब्द लिहितो. चिंचेने घासून लखलखीत करत नाही, कारण त्याबरोबर अक्षरंही झिजतात.

तुमच्या घरीही एखाद्या डब्यात चार जुने रुपये असतीलच. ते विकायचे की ठेवायचे हा तुमचा प्रश्न. पण सराफाकडे नेण्याआधी त्यांवरचं साल वाचा, आणि ते घरात कोणी, कुठून आणले हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून ठेवा. चांदीचा भाव उद्याही कळेल. ही माहिती सांगणारं माणूस उद्या असेलच, असं नाही.