रेडिओनंतरचा अर्धा तास

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सभागृहात केलेले भाषण)



सचिवांनी मला आधीच बजावलं, "काका, दहा-बारा मिनिटं बोला, पण बँकेचं काही सांगू नका." म्हणून मी रेडिओ हा विषय घेतला. बँकेचं थोडं येईलच, त्याला इलाज नाही.

माझी नात कॅनडात असते. आजोबांचा वेळ जावा म्हणून तिने मला फोनवर तिथल्या रेडिओचा एक कार्यक्रम लावून दिला. 'आयडियाज' त्याचं नाव. १९६५ सालापासून तो चालू आहे. विज्ञान, इतिहास, धर्म, कायदा, समाज असा कुठलाही मोठा विषय घेतात आणि त्यातल्या जाणकाराला सावकाश बोलतं करतात. मग तिनेच बीबीसीचा 'इन अवर टाइम' दिला. तो १९९८ साली सुरू झाला. त्यात एका विषयावर तीन प्राध्यापकांना बोलावतात आणि पाऊण तास प्रश्न विचारतात. पहाटे उजनीच्या पाण्याकडे फिरायला जाताना मी कानात घालून हे ऐकू लागलो. सगळं कळतं असं नाही, पण गोडी लागली.

महिनाभराने सौभाग्यवतींनी चहाच्या वेळी विचारलं, "रोज एवढं काय ऐकता हो?" आणि मला चार वाक्यं धड सांगता येईनात. ऐकताना सगळं पटलं होतं, घरी येईपर्यंत निम्मं सांडलं होतं. तेव्हा मला आपली जुनी चावडी आठवली.

इथल्या नव्या पिढीने जुनं पळसदेव पाहिलेलं नाही. पाणी फार उतरलं की पळसनाथाचं देऊळ वर येतं, तेवढंच ते बघतात. त्या गावात, मी शाळेत असताना, साठीच्या दशकात, चावडीवर ग्रामपंचायतीचा रेडिओ होता. भली मोठी बॅटरी, कुलूपबंद पेटी, किल्ली एकाच माणसाकडे. संध्याकाळी पुणे केंद्र लागलं की माणसं घोंगड्या टाकून बसायची. पुणे केंद्र १९५३ साली २ ऑक्टोबरला सुरू झालं. 'गीतरामायण' तिथूनच १९५५ साली घरोघरी पोचलं, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच केंद्राच्या ग्रामीण विभागात व्यंकटेश माडगूळकरांनी बरीच वर्षं नोकरी केली. गावाकडची भाषा रेडिओवर आली ती अशा माणसांमुळे.

एकदा ज्वारीवरच्या काणीबद्दल एका जाणकाराची मुलाखत लागली. पेरणीआधी बियाण्याला गंधक चोळा, असं ते सांगत होते. रेडिओ बंद झाला आणि खरा कार्यक्रम सुरू झाला. एक जण म्हणाला, "गंधकाला पैसे कोण देणार?" दुसरा म्हणाला, "मागल्या साली निम्मी कणसं काळी झाली, तवा किती गेले?" आमचे अण्णा म्हणाले, "सगळ्यांनी मिळून आणलं तर?" अर्धा-पाऊण तास हुज्जत झाली आणि शेवटी वर्गणी काढून गंधक आणलं. नुसतं ऐकून घरी गेले असते तर आणलं नसतं, हे मी तुम्हाला खात्रीने सांगतो.

हे कुणाच्या लहरीने घडत नव्हतं. त्यामागे एक मोठा प्रयोग होता, आणि तो आपल्या पुणे केंद्राचा आहे याचा मला अभिमान वाटतो. १९५६ साली आकाशवाणी आणि युनेस्को यांनी पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत रेडिओ शेती मंडळं काढली. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा खास कार्यक्रम असे. शेती, आरोग्य, शिक्षण, ग्रामपंचायत असे त्याचे विषय होते. प्रत्येक मंडळात पंधरा-वीस माणसं आणि एक निमंत्रक. कार्यक्रम संपला की मंडळाने चर्चा करायची, निमंत्रकाने ती टिपून घ्यायची, आणि शंका आकाशवाणीला लिहून पाठवायच्या. पुढच्या कार्यक्रमांत त्यांची उत्तरं मिळत. म्हणजे रेडिओ बोलायचा आणि गावाचं ऐकायचाही.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने याची तपासणी केली. पॉल न्यूराथ नावाचे समाजशास्त्रज्ञ त्यात प्रमुख होते. त्यांनी तीन तऱ्हेची गावं ताडून पाहिली: रेडिओ आणि मंडळ दोन्ही असलेली, नुसता रेडिओ असलेली, आणि रेडिओच नसलेली. मंडळाच्या गावांत लोकांची माहिती चांगलीच वाढली. नुसत्या रेडिओच्या गावांत त्या मानाने फारच कमी. यंत्र तेच, कार्यक्रम तोच. फरक त्यानंतरच्या चर्चेचा. या प्रयोगानंतर १९५९ पासून अशी मंडळं देशभर काढली गेली. आमच्या लहानपणी चावडीवर बसायची रीत होती, ती त्या काळाची.

आता गंमत ऐका. ही कल्पना मुळात कॅनडातून आली. तिथल्या सरकारी रेडिओने १९४१ साली शेतकऱ्यांसाठी अशी मंडळं सुरू केली होती. वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा, असं त्यांचं बोधवाक्य होतं. 'आयडियाज' हा कार्यक्रमही त्याच रेडिओचा. नातीने मला कॅनडाहून जे पाठवलं, त्याचं थोरलं भावंडं साठ वर्षांपूर्वी आमच्या चावडीवर येऊन गेलं होतं!

पण चावडीचं सगळंच गोड नव्हतं, तेही सांगतो. बायका भिंतीआडून ऐकायच्या. त्यांचं मत कुणी विचारलं नाही. गंधक चोळायचं काम मात्र आमच्या आईनेच केलं.

आणि मग धरण आलं. उजनी १९८० साली पूर्ण झालं, पण गावाची झोप त्याच्या कितीतरी आधी उडाली होती. तेव्हा माहितीला तोटा नव्हता. साहेब येत, रेघ दाखवत, जात. अण्णा विचारत, "पाणी नक्की कुठवर येणार? आणि देवळाचं काय?" त्याचं उत्तर देणारा माणूस दरवेळी दुसराच असे. काणीसारख्या लहान गोष्टीत आमचं ऐकून घेणारं कुणी होतं. एवढ्या मोठ्या गोष्टीत कुणी नव्हतं. धरणाने शेती पिकवली, ऊस आला, हे मी नाकारत नाही. पण त्या विचारण्याची जागा मोकळी राहिली ती राहिलीच.

आता बँकेचं. सचिव, दोन मिनिटं द्या.

मी शेतीकर्ज बघत होतो तेव्हाची गोष्ट. एक म्हातारे गृहस्थ आले, धरणग्रस्त. मी विचारलं, "सातबारा आणलाय?" ते म्हणाले, "पाण्यात हाय." मला वाटलं चेष्टा करतात. मी हसलो. मग विचारलं, नव्या जमिनीचा उतारा? तर नाव अजून चढलं नव्हतं. मी फॉर्मवरचे प्रश्न क्रमाने विचारले आणि 'कागदपत्रे अपूर्ण' असा शेरा मारला. सगळं मिळून पाच मिनिटं लागली असतील.

वर्षभराने कळलं, त्यांनी सावकाराकडून पैसे काढून होडी आणि जाळी घेतली होती. धरणात मासे धरत होते. मासेमारीला कर्ज देता येत होतं हो! "मग आता तुम्ही पोट कसं भरता?" एवढा एक प्रश्न मी विचारला असता तर त्यांचं काम झालं असतं. तो प्रश्न फॉर्मवर नव्हता. माझ्याच गावाचा माणूस, माझ्यासारखाच उठून आलेला, आणि मी त्यांची मुलाखत घेतली ती अशी. हे मी आजवर कुठे बोललो नव्हतो.

म्हणून हल्ली त्या कार्यक्रमांत मी उत्तरांपेक्षा प्रश्नांकडे जास्त लक्ष देतो. चांगला मुलाखतकार ज्याचं उत्तर त्याला ठाऊक नाही तेच विचारतो. आणि विचारून झाल्यावर गप्प बसतो. मला हे दुसरं अजून जमत नाही, घरी विचारा.

आपल्या संस्थेला पंचवीस वर्षं झाली. गेल्या उन्हाळ्यात टँकरच्या पैशावरून आपण सभेत दोन तास बोललो. प्रत्येक जण आपलं म्हणणं घरूनच ठरवून आला होता, मीसुद्धा. शेवटी काय ठरलं ते इतिवृत्त वाचल्यावर कळलं.

तर माझी एक सूचना आहे. महिन्यातला दुसरा रविवार, संध्याकाळी सहा वाजता, याच सभागृहात. अर्धा तास एखादी चांगली मुलाखत सगळ्यांनी मिळून ऐकायची, आणि अर्धा तास बोलायचं. इंग्रजी असेल तर पोरांनी मध्ये थांबवून मराठीत सांगायचं. निमंत्रक दरवेळी बदलायचा, आणि पहिली पाळी महिलांची. एक वही ठेवायची. अडलेले प्रश्न वहीत लिहून जाणकारांना विचारायचे. बारामतीत कृषी विज्ञान केंद्र आहे, महाविद्यालयं आहेत. माणसं लांब नाहीत.

आणि मागच्या रांगेतल्या मंडळींना एक काम. तुमच्या हातातल्या फोनमध्ये आकाशवाणीच्या स्टुडिओइतकी सोय आहे. जुनं गाव सोडताना जे कर्ते होते, असे आपल्यात आता थोडेच उरलेत. त्यांच्या समोर बसा, फोन चालू ठेवा आणि विचारा. काय विचारायचं ते माझ्याकडून लिहून घेऊ नका. तुम्हाला जे ठाऊक नाही ते विचारा. आपल्या मंडळाचा पहिला कार्यक्रम तोच असू दे.

वहीचा खर्च माझ्याकडे. बारा मिनिटांची सतरा झाली, त्याबद्दल सचिवांची क्षमा मागतो.