खो-खोला चित्र हवे

आजच्या भाषणाचा विषय काही श्रोत्यांस पोरकट वाटेल, याची मला कल्पना आहे. मोबाईलवरील संदेशात बोटाच्या एका स्पर्शाने जी इवली चित्रे उमटतात आणि ज्यांस सारे जग ‘इमोजी’ म्हणते, त्या चित्रांत आपल्या खो-खोस जागा मिळावी, एवढेच मला सांगावयाचे आहे. परंतु ज्या लिपीत आज कोट्यवधी माणसे आपला आनंद आणि आपला शोक एकमेकांस कळवितात, तीत कोणाचे काय आहे आणि कोणाचे काय नाही, हा प्रश्न मला तरी क्षुल्लक वाटत नाही.

१९ जानेवारी २०२५ रोजी दिल्लीस खो-खोच्या पहिल्या विश्वचषकाचे अंतिम सामने झाले. भारताच्या महिलांनी आणि पुरुषांनी, दोघांनीही, नेपाळचा पराभव करून चषक जिंकले. महिलांची कर्णधार प्रियांका इंगळे ही मूळची आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यातली. पुरुषांचे नेतृत्व होते प्रतीक वाईकर यांच्याकडे. त्या रात्री नांदेडच्या वा लातूरच्या एखाद्या मुलीने ही वार्ता मैत्रिणीस चित्रांनी कळवावयाची म्हटली असती, तर तिच्या हाती तिरंगा होता, करंडक होता, पदक होते. खेळ मात्र नव्हता. क्रिकेटची बॅट आणि चेंडू २०१५ पासून आहेत. त्याच वर्षी हॉकी, टेबल टेनिस, बॅडमिंटन आणि व्हॉलीबॉल आले. लॅक्रोस नावाचा, आपल्याकडे फारसा कोणी न पाहिलेला खेळ २०१८ मध्ये आला.

मराठवाड्याने या खेळाविषयी बोलावे, यात आगंतुकपणा काही नाही. नियमांचा पहिला आखीव आराखडा पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात १९१४ साली तयार झाला हे खरे. पण हा खेळ रुजला तो जेथे दोन खांब, मूठभर फक्की आणि शाळेमागची मोकळी जागा यांखेरीज काही मिळण्यासारखे नव्हते, अशा गावांत. १९८२ पर्यंत लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्याचाच भाग होता. त्या उस्मानाबादची, म्हणजे आजच्या धाराशिवची, सारिका काळे हिच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले आणि २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार लाभला. परीक्षेच्या गुणांसाठी देशभर नाव झालेल्या लातुरात संध्याकाळी किती मुले मैदानावर दिसतात, हा प्रश्न मी येथे मुद्दामच सोडून देतो.

आता खो-खोस चित्र का मिळाले नसावे? माझ्या मते त्याचे कारण तुच्छता नव्हे. या चित्रकोशात खेळ ओळखला जातो तो बहुधा त्याच्या साधनावरून. बॅट काढली की क्रिकेट झाले, जाळीची काठी काढली की लॅक्रोस झाले. आमच्या खो-खोस साधनच नाही. आठ गडी एकाआड एक विरुद्ध दिशांस तोंड करून बसतात, नववा पाठलाग करतो; त्यास मागे फिरण्याची मुभा नाही, पळणाऱ्यास मात्र कोठूनही निसटता येते; म्हणून पाठलाग करणारा बसलेल्याच्या पाठीस हात लावून ‘खो’ म्हणतो आणि आपली धाव त्याच्या स्वाधीन करतो. हा सारा खेळ माणसांच्या परस्परसंबंधात आहे, वस्तूत नाही. तो टिकलीएवढ्या जागेत कसा मावावा?

ही चित्रे ठरविते युनिकोड कन्सॉर्शियम नावाची अमेरिकेतील संस्था. जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षरास एक क्रमांक देणे हे तिचे मूळ कार्य. तेथे आपली दाद लागत नाही असे मात्र कोणी समजू नये. मराठीतील ‘ॲ’ हे अक्षर तिच्या कोष्टकात स्वतंत्रपणे २००८ साली आले, आणि आपल्या रुपयाचे चिन्ह भारत सरकारने जुलै २०१० मध्ये स्वीकारल्यानंतर काही महिन्यांतच तेथे दाखल झाले. नव्या इमोजीसाठी कोणाही व्यक्तीस अर्ज करता येतो. त्यास शुल्क नाही. एकदा कोष्टकात आलेले चिन्ह पुन्हा काढले जात नाही, म्हणून परीक्षा कडक असते.

आणि येथेच आपल्याकडील उत्साही मंडळींचा घोटाळा होण्याचा संभव आहे. चळवळ म्हटली की आपण सह्या गोळा करावयास निघतो. युनिकोडच्या नियमांत सह्यांच्या निवेदनास पुरावा म्हणून काडीचीही किंमत नाही. त्यांस पाहावयाचे असते ते हे, की लोक तो शब्द आपण होऊन किती शोधतात आणि किती लिहितात. तुलनेसाठी त्यांनी ‘हत्ती’ हा शब्द नेमून दिला आहे! खो-खोने हत्तीशी झुंज द्यावी, असा हा मामला. शिवाय पुस्तकांतील शब्द मोजणारे गूगलचे जे साधन त्यांनी मापक म्हणून धरले आहे, त्यात इंग्रजी, जर्मन, रशियन, हिब्रू आहेत; मराठी नाही, हिंदीही नाही. हा तराजू आमच्या बाजूने झुकता नाही, हे अर्जात स्वच्छ लिहिले पाहिजे. पण दोष सारा तराजूचाच आहे काय? आपण स्वतः ‘खो-खो’, ‘खोखो’ आणि ‘खो खो’ असे तीन परींनी लिहितो, आणि गावोगावच्या सामन्यांची चित्रफीत टाकताना खेळाचे नावच गाळून मंडळाचे तेवढे देतो. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे येतात. तेथील महाविद्यालयांनी आपल्या प्रत्येक सामन्याचा वृत्तांत खेळाच्या नावासह, एकाच लेखनाने, मराठीत आणि इंग्रजीत प्रसिद्ध केला, तर दहा हजार सह्यांहून ते काम मोलाचे होईल.

दुसरी एक हरकत येईल, ती अधिक बिकट आहे. जे विद्यमान चित्रांच्या जोडणीने सांगता येते, त्यास नवे चिन्ह देऊ नये, असा दंडक आहे. धावणारा माणूस २०१० पासून आहे, गुडघ्यावर बसलेला २०१९ पासून. दोघे शेजारी ठेवा, झाला खो-खो, असे कोणी म्हणेल. पण शेजारी ठेवलेली ती दोन माणसे परस्परांस अनोळखी आहेत. खो-खो आहे तो पाठीवरच्या हातात.

उलट एका कसोटीत आपली बाजू भक्कम आहे. चिन्हास मूळ अर्थाहून अधिक अर्थ असावेत, अशी त्या नियमांची अपेक्षा असते. मराठी माणसास हे शिकवावयास नको. आपण कामात ‘खो घालतो’. एक कचेरी दुसरीस ‘खो देते’ आणि अर्जदार बिचारा या टेबलावरून त्या टेबलाकडे धावतो. जबाबदारी सोपविणे, पाळी येणे, जागेवरून उठविले जाणे, हे सारे एका हाताच्या स्पर्शात आहे. कबड्डीचा हक्क मोठा, हे मला मान्य आहे. १९९० पासून तो आशियाई क्रीडास्पर्धांत आहे. परंतु टिकलीएवढ्या आकारात कबड्डीची झटापट २०१६ मध्ये आलेल्या कुस्तीच्या चित्राहून वेगळी दिसणे कठीण.

तेव्हा आठ गडी काढण्याचा मोह सोडावा. दोनच आकृती पुरेत: एक उकिडवी, उठण्याच्या तयारीत, दुसरी तिच्या मागे वाकलेली, तळहात पाठीवर टेकलेला. दोघांची तोंडे एकाच दिशेस हवीत, कारण खो पाठीमागूनच द्यावयाचा असतो. गेल्या काही वर्षांत हे अर्ज एप्रिल ते जुलै या महिन्यांत घेतले गेले आहेत, आणि मंजुरीनंतरही चित्र हाती पडावयास दीड-दोन वर्षे लागतात. नांदेडच्या किंवा लातूरच्या एखाद्या चित्रकलेच्या विद्यार्थ्याने पुढच्या हिवाळी सामन्यांत मैदानाच्या कडेस बसून ही दोन माणसे रेखाटावी, आणि मग ती नखाएवढी लहान करून ओळखू येतात की नाही, ते आपल्या आजीस दाखवून पाहावे.