थंडीच्या मुलखातले नळ

श्रोतेहो, पौषातली थंडी आपल्या ओळखीची आहे. शेकोटी पेटवली, घोंगडी पांघरली की भागते. पण लडाखातल्या लेह शहरी, सुमारे ३,५०० मीटर उंचीवर, रात्री पारा शून्याखाली १५ अंशांपर्यंतही उतरतो. अशा ठिकाणी घरातल्या नळाचे काय होत असेल बरे?

बहुतेक पदार्थ गारठले की आकसतात. पाणीही आकसते, पण ४ अंशांपर्यंतच. त्याखाली ते फुगू लागते. आणि १०० शेर पाण्याच्या बर्फाला सुमारे १०९ शेरांची जागा लागते. नळीत आधी एके ठिकाणी बर्फाचे बूच बसते. ते वाढू लागले की बूच आणि बंद तोटी यांच्यामध्ये कोंडलेले पाणी दाबले जाते. पाणी काही दाबून फारसे लहान होत नाही. मग लोखंडी नळीसुद्धा चिरते. फुटल्याचे कळते ते मात्र बर्फ वितळल्यावर. तोवर खणून दुरुस्ती करावी, तर जमीन दगडासारखी झालेली!

म्हणून तयारी आधीच करावी लागते. जमीन जितकी गोठते, त्याहून खोल नळी पुरायची. उघड्यावरच्या नळीला चिंध्या किंवा गवत गुंडाळायचे; पण ध्यानात घ्या, घोंगडे ऊब देत नाही, असलेली राखते. पाणी साचूनच राहिले, तर गुंडाळलेली नळीही कडाक्याच्या रात्री गोठते.

खरा उपाय नळी रिकामी करण्याचा. मुख्य चावी बंद करावी आणि सर्वांत खालची तोटी उघडावी. तेवढ्याने भागत नाही, वरची तोटीही उघडावी. वरून हवा शिरली, तरच खालून पाणी उतरते. लेहमध्ये कित्येक घरी हिवाळाभर नळ असे कोरडे ठेवतात आणि पाणी बादलीने आणतात. कष्ट पडतात खरे, पण नळ शाबूत राहतो.

एखादा नळ गोठलाच, तर तोटी उघडी ठेवून गरम फडक्याने तोटीकडून मागे मागे शेकत जावे. पेटता बोळा लावू नये. आत वाफ कोंडली तर नळी फुटते.

गुरुजी, जवळपास कुठे फ्रीज असेल, तर प्लास्टिकच्या दोन बाटल्या घ्या. काचेच्या मुळीच नकोत. एक काठोकाठ भरा, दुसरी अर्धी. बुचे लावून रात्रभर बर्फाच्या कप्प्यात ठेवा. भरलेली फुगेल, कदाचित तडकेलही. अर्धी जशीच्या तशी राहील. पाण्याला फुगायला जागा हवी, ही गोष्ट मुलांना मग वेगळी सांगावी लागणार नाही.