माथेरानचें आठ दिवसांचें बिऱ्हाड

सुटींत थंड हवेच्या ठिकाणीं जावयाचें तर खाणावळींत उतरावें कीं स्वतंत्र बिऱ्हाड थाटावें, हा प्रश्न आमच्या घरीं दर वर्षीं निघतो. मी बिऱ्हाडाचा पक्षपाती आहें. खाणावळींत घंटेबरोबर जेवावें लागतें. शाळेंत छत्तीस वर्षें घंटा ऐकल्यावर ती पुन्हां पैसे देऊन कां ऐकावी? म्हणून गेल्या मे महिन्यांत माथेरानास दोन खोल्या, ओसरी आणि स्वयंपाकघर अशी एक लहानशी बंगली आठ दिवसांसाठीं घेतली.

डाळ-तांदूळ, मेतकूट, पोळपाट-लाटणें बांधीत असतां आमच्या मंडळींनीं शांतपणें विचारलें, “अहो, चाळीस वर्षें ज्या चुलीपाशीं उभी आहें, तीच अडीच हजार फूट वर नेऊन मांडायची, तर हवा बदलली कोणाची?” मला उत्तर सुचलें नाहीं. आठही दिवस सकाळचा स्वयंपाक मी करीन, असें मात्र तोंडून निघून गेलें.

माथेरान आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. १८५० च्या मे महिन्यांत ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हे चौक गांवाकडून वन ट्री हिलच्या बाजूनें वर चढले आणि रामबागच्या वाटेनें उतरले. तेव्हांपासून हा डोंगर शहरी मंडळींना ठाऊक झाला. वाडीवाल्यांस तो आधींपासून ठाऊक होताच, पण त्याची नोंद कोण करतो? नेरळहून येणारी दोन फुटी रुळांची गाडी १९०७ सालीं सुरू झाली. खाजगी मोटारीस दस्तुरीच्या पुढें अजूनही मज्जाव आहे. तेथून आम्हीं आपले पाय पत्करले व सामान हमालाच्या स्वाधीन केलें. जांभ्याच्या तांबड्या धुळीनें माझा पांढरा लेंगा बंगली येईपर्यंत गेरूंत बुडविल्यासारखा झाला. वर दुकानें आहेत. परंतु बटाट्यापासून गॅसच्या टाकीपर्यंत पुष्कळसा माल घोड्याच्या पाठीवरून नाहीं तर माणसाच्या डोक्यावरून येतो, हें भाव ऐकतांना ध्यानांत ठेवावें.

समुद्रसपाटीपासून सुमारें ८०० मीटरांवर पाणी १०० अंशांची वाट न पाहतां ९७ अंशांच्या आसपासच उकळूं लागतें. हें मीं वर्गांत पुष्कळदां सांगितलें होतें. त्याचा अर्थ उघड्या पातेल्यांत तुरीची डाळ दीड तास शिजत नाहीं असा होतो, हें मला पहिल्या दिवशीं कळलें. कुकर घरींच राहिला होता. ‘नसतें ओझें’ म्हणून तो मीच काढून ठेवला होता.

रोज सकाळीं सातच्या सुमारास खालच्या ठाकरवाडींतील एक बाई पाटी घेऊन दारीं येई. करवंदें, जांभळें, कधीं कैऱ्या. आम्ही जिला फिरावयाची वाट म्हणतों, ती तिची बाजाराची वाट. पहिल्या दिवशीं मीं भावांत घासाघीस केली. मंडळींनीं मजकडे असें पाहिलें कीं दुसऱ्या दिवसापासून मीं भाव विचारला नाहीं.

चौथ्या दिवशीं ‘हिच्याबरोबर रामबागेपर्यंत जाऊन येतें’ असें सांगून ती निघाली. साडेनऊ वाजले, अकरा झाले. तिचा उजवा गुडघा दोन वर्षें दुखतो. जिना उतरतांना ती कठडा सोडीत नाहीं. मी गॅस बंद केला, हातास लागल्या त्या चपला पायांत घातल्या आणि धांवत निघालों. वाटेच्या तोंडाशीं पोहोंचतों तों खालून हातांत काठी घेऊन ती सावकाश वर येत होती.

“एकटी कशी आलीस?” मी जवळजवळ ओरडलोंच.

“बसत बसत. अर्ध्या वाटेवर आम्ही दोघी सावलींत बसलों होतों. तिनें गुडघ्याला निरगुडीचा पाला काढून दिला.” मग थोडें थांबून ती म्हणाली, “दहा ते बारा या वेळांत चाळीस वर्षांत मी अशी घराबाहेर कधीं नव्हतें. या वेळीं झाडांत ऊन कसें पडतें, तेंही पाहिलें नव्हतें.”

घरीं आलों तों डाळ अर्धीकच्चीच होती. मेतकूट-भातावर भागविलें. उरलेले चारही दिवस ती सकाळीं गेली. मी डाळ आदल्या रात्रींच भिजत घालूं लागलों.