दारातला गवती चहा

(रौप्य महोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



मला बागेवर बोला म्हणून सांगितलंय. बागेवर बोलायचं तर आधी एक कबुली द्यावी लागते. मोकळ्या जागेत लॉन लावायचा हट्ट माझाच होता. बीडमध्ये लॉन! तुम्ही वर्गणी दिली, मी रोज पाणी मारलं. 2016 च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, आपण टँकरमागं घागरी घेऊन उभे होतो. तेव्हा लॉनला पाणी द्या म्हणायला मला तोंड नव्हतं. महिनाभरात नुसती माती उरली.

त्याच जागेच्या कडेला, टँकर उभा राहायचा तिथं, पाइपातून सांडणाऱ्या पाण्यावर गवती चहाचा एक ठोंब तगला. तो कुणी लावला, आजही माहीत नाही. आज आपल्या दारोदार दिसतात ते सगळे ठोंब त्याचीच लेकरं. याला आपल्याकडं सहसा बी धरत नाही, फुटवा फोडूनच लावावा लागतो. म्हणजे शेजाऱ्याकडं मागायला जाणं आलं. पार्किंगवरून अबोला धरलेली दोन घरं या फुटव्यापायी बोलायला लागली. नावं घेत नाही, पुढच्याच रांगेत बसलेत!

लावायचा कसा? चांगला पाऊस झाला की मुळासकट फुटवा घ्या, पानं वीतभर ठेवून छाटा, दीड हातावर लावा. ऊन पाहिजे. आपली काळी माती पाणी धरते आणि पाणी तुंबलं की मुळं कुजतात, म्हणून खड्ड्यात शेणखताबरोबर थोडी वाळू घाला. एकदा जीव धरला की भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी पुरतं. भांड्यांचं साबणाचं पाणी मात्र नको, पान आपल्याच चहात जातं. पान ओढू नका, चार बोटं वर विळ्यानं कापा. पानाला धार असते, लेकरांचे हात सांभाळा.

तीन-चार वर्षांनी ठोंब मधून वाळतो. मग उकरून कडेचे फुटवे नव्यानं लावायचे. त्या जुन्या ठोंबाची ती वेळ पुन्हा आलीय, आणि नेमकं तिथंच पेव्हर ब्लॉक टाकायचं ठरलंय. कमिटीला विनंती, कडेची दोन हात माती तेवढी सोडा. मृगाचा पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी कुदळ घेऊन तिथं येतो. ज्यांना फुटवा पाहिजे त्यांनी पिशवी आणा.